भिंगाला नको

दसऱ्यानंतर शाळा उघडली
तेव्हा माझ्या सूक्ष्मदर्शकाला मळवट भरलेला होता.
तराजूच्या दोन पारड्यांत दोन झेंडू,
बर्नरच्या गळ्यात आंब्याचं पान,
सांगाड्याच्या कवटीला अशी हळद
की त्याचं लग्न ठरलंय म्हणावं.
आणि भिंगावर, नेमकं भिंगावर, कुंकू.

तीन वर्षं अर्ज करून मिळालेलं यंत्र.
मी ओरडले. झिबलकाका फडकं हातात धरून उभे.
"ते वर्षभर सगळ्यायले पाह्यते जी,
एक दिवस त्याले कोणी पाह्यलं पायजे का नाही?"

मी स्पिरिटनं पुसत बसले.
धुपाचा वास आणि स्पिरिटचा वास
बराच वेळ एका खोलीत होते,
ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.
खाली पडलेल्या वहीला माझा पाय लागला.
मी ती उचलली, कपाळाला लावली,
आणि पुसणं पुढे चालू ठेवलं.

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं:
शुक्रवारचा प्रयोगाचा तास यापुढे मूल्यशिक्षणाला.
शिक्षिकेने योग्य ती वचने निवडावीत.
'योग्य'खाली कुणीतरी पेनानं रेघ मारलेली.

शुक्रवारी मी वचनं नेली नाहीत.
हळद नेली, टीपकागद नेले,
बडकस चौकातल्या पानठेल्यावरून
पळसाच्या पानात चुना बांधून नेला.
पिवळा कागद चुन्यानं लाल झाला.
"हेच कुंकू," मी म्हटलं.
लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा.
वर्ग इतका गप्प की महालातल्या सगळ्या रिक्षा ऐकू आल्या.

रेवनाथ उठला. "मॅडम, देवीच्या कपाळावर लिंबू पिळलं तर?"
"पिवळं होईल."
"अन् ते कोपली तर?"
"ते या तासात येत नाही."

मग तिसऱ्या बाकावरून उत्पला,
हात वर न करता:
"कोणत्या तासात येते?"

ती इंदोऱ्याहून येते, दोन बस बदलून.
दसऱ्याला तिच्या घरी एकोणीस माणसं होती,
वाशीमची, परभणीची, गच्चीवर झोपलेली,
तिनं चार दिवस पोळ्या लाटल्या, वंदना म्हटली,
आणि त्यात गृहपाठही केला.
सकाळच्या प्रार्थनेला ती उभी राहते
सरळ, डोळे उघडे, हात बाजूला.
"आणि हात नाही जोडले तर वर्तनाचे मार्क कापतात,
ते कोणत्या तासात येते, मॅडम?"

वर्तनाचा रकाना मीच भरते. पाचापैकी.
मागच्या सत्रात तिला मी तीन दिले होते.
का, ते आठवून पाहिलं.
आठवलं.

घंटा झाली. घंटेला काय,
ती कुणाच्याही बाजूने वाजते.

यंदा मी तिला पाच दिले.
ते जुने दोन
अजून माझ्याकडेच आहेत.

यंदाच्या नवमीला झिबलकाका दारातच थांबले,
हातात करंडा. "लावू का जी?"
मी उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हटलं,
"भिंगाला नको. पायाला लावा."
ते वाकले. यंत्राच्या लोखंडी पायाला
दोन बोटं लावली, हळद एक, कुंकू एक.

उत्पला शेजारीच स्लाइड करत होती.
गांधीसागरचं पाणी, विसर्जनानंतरचं,
थोडा गुलाल उतरलेलं.
तिनं हात जोडले नाहीत, सरकलीही नाही.
डोळा लावला आणि म्हणाली,
"सर्रकन गेलं काहीतरी. जिवंत आहे."

"मले दाखव बरं," काका म्हणाले.
बावीस वर्षं त्यांनी ते यंत्र पुसलंय, झाकलंय,
उचलून कपाटात ठेवलंय लेकरासारखं.
आत कधी पाहिलं नव्हतं.
आम्ही कुणी म्हटलंच नव्हतं, पाहा.

काकांनी आधी चपला काढल्या.
मग एक डोळा मिटला.
बराच वेळ उठलेच नाहीत,
आणि त्यांच्या मागे पोरांची रांग लागली.